कार्ड रीडर कधी चालतो, कधी अडतो : बिघाड कसा शोधावा?

एखादे यंत्र पूर्ण बंद पडले तर त्याचा दोष शोधणे तुलनेने सोपे असते. दिवा लागतच नाही म्हटल्यावर आपण बल्ब पाहतो, बटण पाहतो, फ्यूज पाहतो, आणि दोष सापडतो. खरा त्रास देते ते कधी चालणारे व कधी न चालणारे यंत्र. आपण तपासायला बसावे तेव्हा ते शहाण्यासारखे वागते आणि काम असेल तेव्हा नेमके अडते.

संगणकाला जोडलेला मेमरी कार्ड रीडर हे अशा यंत्राचे उत्तम उदाहरण आहे. कार्ड घातले की कधी लगेच त्यातील फोटो दिसतात, कधी 'डिस्क घाला' अशी सूचना येते, कधी अर्ध्यावर प्रत होणे थांबते. मग कोणी कार्ड काढून पुन्हा घालतो, कोणी संगणक बंद करून सुरू करतो आणि जमले की 'झाले दुरुस्त!' म्हणून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार! या लेखात आपण या बिघाडाचा शोध शास्त्रीय पद्धतीने कसा घ्यायचा ते पाहू या. त्यासाठी लागणारे बहुतेक भौतिकशास्त्र तुमच्या शाळेच्या पुस्तकात आहे.

सर्वांत आधी : माहिती वाचवा

समजा, त्या कार्डावर तुमच्या आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केलेल्या आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. रीडर दीडदोनशे रुपयांत नवा मिळेल, कार्डही मिळेल. पण त्या ओव्या मिळणार नाहीत. म्हणून दुरुस्तीचा पहिला नियम असा, की एकमेव प्रत असलेल्या कार्डावर प्रयोग करायचे नाहीत.

हे कार्ड काढून बाजूला ठेवा. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला एक छोटी सरकती खिटी असते, ती 'लॉक'कडे सरकवा. ही खिटी म्हणजे केवळ एक खूण आहे. कार्डाच्या आतील मंडलाशी तिचा संबंध नसतो. ती कोठे आहे हे रीडरच्या खाचेतील एक बारीक कळ ओळखते आणि संगणकाला 'यावर लिहू नका' असे कळवते. काही रीडर या खुणेकडे लक्षच देत नाहीत, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नका. कार्ड घातल्यावर 'हे कार्ड फॉरमॅट करायचे आहे का?' असा प्रश्न आला तर नेहमी 'नाही' म्हणा. संगणकाला कार्डावरील अनुक्रमणिका वाचता आली नाही, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ असतो. ग्रंथालयाची नोंदवही हरवली म्हणून कपाटातील पुस्तके नाहीशी होत नाहीत. तसेच येथेही आहे. शक्य असेल तर दुसऱ्या, खात्रीच्या रीडरवर आधी सर्व माहिती संगणकात उतरवून घ्या. अनुक्रमणिकाच बिघडली असेल तर 'फोटोरेक'सारख्या प्रणाली थेट साठ्यातून फायली शोधून काढतात. मात्र सापडलेल्या फायली त्याच कार्डावर न ठेवता दुसरीकडे ठेवाव्या लागतात.

यापुढील सर्व तपासणी रिकाम्या किंवा बिनमहत्त्वाच्या कार्डाने करायची आहे.

कार्डाच्या आत काय असते?

एसडी प्रकारचे कार्ड तोशिबा, मात्सुशिता आणि सॅनडिस्क या तीन कंपन्यांनी १९९९ मध्ये जाहीर केले. ते ३२ मिलिमीटर लांब, २४ मिलिमीटर रुंद व २.१ मिलिमीटर जाड असते. त्याचे धाकटे भावंड मायक्रो एसडी १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड असते.

कार्डात माहिती साठते ती विद्युतभाराच्या रूपाने. सर्व बाजूंनी विद्युतरोधकाने वेढलेल्या एका सूक्ष्म भागात इलेक्ट्रॉन अडकवून ठेवायचे, ही कल्पना डेव्हॉन कांग व सायमन झी यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मांडली. तिच्या आधारे तोशिबातील फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये 'फ्लॅश' स्मृती जगापुढे ठेवली. वीज बंद झाली तरी अडकलेले इलेक्ट्रॉन तेथेच राहतात, म्हणून कार्ड खिशात ठेवले तरी फोटो पुसले जात नाहीत. मात्र दर वेळी पुसताना व लिहिताना त्या रोधकाची थोडी झीज होते आणि फार वेळा लिहिलेले कार्ड शेवटी निकामी होते.

साठ्याशेजारीच कार्डात एक छोटा नियंत्रक असतो. म्हणजे कार्ड व रीडर यांचे संभाषण हे दोन नियंत्रकांचे संभाषण आहे. ते चालते कार्डाच्या मागील सोनेरी पट्ट्यांमधून. मूळ एसडी कार्डाला अशा ९ पट्ट्या असतात : एक वीज आत येण्यासाठी, दोन परतीच्या मार्गासाठी, एक ठोक्यांसाठी, एक आज्ञांसाठी आणि चार माहितीसाठी.

संशयितांची साखळी

आता बिघाड कोठे असू शकेल याची यादी करू. माहितीच्या वाटेवरून क्रमाने चालत जा : कार्ड, (असल्यास) मायक्रो कार्डाचे ॲडाप्टर, खाचेतील स्प्रिंगपट्ट्या, रीडरचा नियंत्रक, यूएसबी केबल, संगणकाचे यूएसबी छिद्र, आणि शेवटी संगणकातील प्रणाली. सात संशयित झाले. बिघाडाची लक्षणे नीट पाहिली तरी यांतील काही जण लगेच सुटतात.

जोडणी तुटल्याचा आवाज येऊन रीडरच संगणकावरून नाहीसा होत असेल आणि थोड्या वेळाने परत येत असेल, तर केबल, यूएसबी छिद्र किंवा विजेचा पुरवठा यांवर संशय घ्या. रीडर दिसतो, पण कार्ड घातल्याचे त्याला कळत नाही, असे असेल तर खाच, ॲडाप्टर किंवा कार्ड पाहा. कार्ड वाचता येते पण लिहिता येत नाही, असे असेल तर खिटी, अपुरा वीजपुरवठा किंवा झिजलेले कार्ड, असे तीन संशयित उरतात. आणि एखादे कार्ड एका रीडरमध्ये एकदाही चालत नसेल, तर तो 'कधी कधी'चा बिघाड नव्हे. तेथे दोघांची पिढी जुळत नसण्याचा संभव अधिक.

या शेवटच्या प्रकाराचे कारण गमतीचे आहे. जुन्या पद्धतीच्या कार्डात प्रत्येक बाइटला ३२ अंकी द्विमान पत्ता असे. असे पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ इतकेच होतात. ४ गिगाबाइटच्या पलीकडे पत्ताच उरत नाही. २००६ मध्ये आलेल्या एसडीएचसी कार्डांत पत्ता एका बाइटला न देता ५१२ बाइटांच्या गठ्ठ्याला दिला. त्यापूर्वीच्या रीडरला हा नवा हिशेब ठाऊक नाही. तेथे पुसापुशी करून उपयोग नाही. रीडरच नवा हवा.

ओहमचा नियम आणि स्पर्शाची गोष्ट

अनियमित बिघाडाचे वारंवार आढळणारे कारण म्हणजे ढिला किंवा मळका स्पर्श. धातूचे दोन पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदर्शकाखाली ते डोंगरदऱ्यांसारखे असतात. ते एकमेकांवर टेकतात तेव्हा खरा स्पर्श होतो फक्त काही शिखरांवर आणि सर्व विद्युतप्रवाह त्या थोड्या बिंदूंतून जातो. मध्ये धूळ, घामाचा थर किंवा गंज आला की शिखरे कमी पडतात आणि रोध वाढतो. पट्ट्यांवर सोन्याचा मुलामा देतात तो सोने गंजत नाही म्हणून. पण हा मुलामा फार पातळ असतो. तो झिजला की खालचा धातू उघडा पडतो आणि पावसाळ्यातील दमट हवा त्यावर आपले काम सुरू करते.

आता एक हिशेब करू. रीडर कार्डाला ३.३ व्होल्ट विभवांतर पुरवतो. कार्डाला किमान २.७ व्होल्ट लागतात. चांगल्या स्पर्शाचा रोध ०.१ ओहमहूनही कमी असतो. समजा, मळामुळे येण्याच्या व परतीच्या स्पर्शांचा मिळून रोध ३ ओहम झाला. वाचताना कार्डाने ५० मिलिअँपिअर प्रवाह घेतला तर स्पर्शात वाया जाणारे विभवांतर ०.०५ × ३ = ०.१५ व्होल्ट, कार्डाला ३.१५ व्होल्ट मिळाले, काम चालले. पण लिहिताना प्रवाह अधिक लागतो. तो २०० मिलिअँपिअर झाला तर ०.२ × ३ = ०.६ व्होल्ट वाया गेले आणि कार्डापाशी उरले बरोबर २.७ व्होल्ट, म्हणजे अगदी काठावर! रोध आणखी किंचित वाढला की कार्ड मध्येच बंद पडणार. वाचणे जमते पण लिहिणे अडते, यात चमत्कार काही नाही.

कार्ड काढून पुन्हा घातले की का चालते, हेही आता सांगता येईल. कार्ड आत सरकताना खाचेतील स्प्रिंगपट्ट्या त्याच्या सोनेरी पट्ट्यांवरून घासत जातात आणि मळाचा थर थोडा खरवडला जातो. त्यामुळे रोध काही काळ कमी होतो. यावरून एक अनुमान काढता येते : पुन्हा घातल्याने ज्याचा बिघाड हमखास जातो, त्याचा दोष स्पर्शात असण्याची शक्यता मोठी.

साफ करताना कार्ड बाहेर काढा आणि रीडर संगणकापासून सोडवा. सोनेरी पट्ट्या स्वच्छ, कोरड्या, मऊ कापडाने पुसा. चिकट मळ असेल तर कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावा आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबराने घासू नका, कारण त्याने सोन्याचा थर झिजतो आणि रबराचा चुरा खाचेत जातो. तोंडाने फुंकरही मारू नका. फुंकरीबरोबर थुंकीचे बारीक तुषार आत जातात.

नवाचा ताळा येथेही!

गुणाकार तपासायला तुम्ही नवाचा ताळा वापरला असेल. समजा, मी तुम्हाला ४८२७५ ही संख्या फोनवरून सांगतो आणि सोबत तिचा ताळाही सांगतो : ४ + ८ + २ + ७ + ५ = २६, आणि २ + ६ = ८. खरखरीमुळे तुम्हाला ४८२१५ असे ऐकू आले. तुमचा ताळा येतो २. जुळत नाही, म्हणून तुम्ही म्हणता, 'पुन्हा सांगा.' कार्ड व रीडर प्रत्येक गठ्ठ्याबरोबर असाच एक ताळा पाठवतात. तो द्विमान अंकांच्या भागाकारातील बाकीवरून काढलेला १६ अंकी ताळा असतो. ४८७२५ असे अंक उलटेपालटे झाले तर नवाचा ताळा फसतो. हा १६ अंकी ताळा मात्र तशा चुकाही पकडतो.

यातून शोधाला उपयोगी पडणारा मुद्दा निघतो. वाटेत, म्हणजे स्पर्शात किंवा केबलीत, माहिती बिघडली तर ताळा चुकतो आणि गठ्ठा पुन्हा मागवला जातो. म्हणून वाटेतील दोषाचे लक्षण सहसा संथपणा किंवा मध्येच थांबणे हे असते. याउलट प्रत निर्वेध झाली, कोणतीही तक्रार आली नाही, आणि तरीही फोटो अर्धा करडा निघाला, तर वाटेपेक्षा कार्डाच्या साठ्यावर संशय घ्या. बाजारात खोट्या क्षमतेची कार्डेही असतात. त्यांचा नियंत्रक '६४ गिगाबाइट' असे सांगतो, पण साठा त्याहून पुष्कळ कमी असतो. सुरुवातीचे फोटो नीट राहतात, पुढचे मात्र कोठेच साठत नाहीत किंवा आधीच्या फोटोंवर लिहिले जातात. 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' किंवा 'एफ-थ्री' या प्रणाली सगळे कार्ड भरून व परत वाचून ही लबाडी उघडी पाडतात.

एका वेळी एकच बदल

आता प्रत्यक्ष तपासाकडे वळू. दोन कार्डे (क आणि ख) व दोन रीडर (१ आणि २) घ्या. मित्राकडून उसने आणले तरी चालतील. सुमारे १०० मेगाबाइटची एक फाइल घेऊन प्रत्येक फेरीत पुढील क्रम पाळा : कार्ड घाला; फाइल कार्डावर उतरवा; 'सुरक्षितपणे काढा' ही आज्ञा देऊन कार्ड बाहेर काढा; पुन्हा घाला; फाइल संगणकात परत आणा आणि मूळ फाइलशी ताडून पाहा. विंडोजमध्ये 'एफसी' व लिनक्समध्ये 'सीएमपी' ही आज्ञा असे ताडण्याचे काम करते. मध्ये कार्ड काढणे आवश्यक आहे. नाहीतर संगणक स्वतःच्या स्मृतीत राहिलेली प्रतच तुम्हाला दाखवील आणि कार्डाची परीक्षा होणारच नाही.

समजा, प्रत्येक जोडीच्या २० फेऱ्यांत असे निकाल आले :

रीडर १, कार्ड क : ४ वेळा अडले
रीडर १, कार्ड ख : ५ वेळा अडले
रीडर २, कार्ड क : एकदाही नाही
रीडर २, कार्ड ख : एकदाही नाही

दोन्ही कार्डे एका रीडरवर अडतात आणि दुसऱ्यावर चालतात. म्हणजे कार्डे निर्दोष. मग रीडर १ दोषी ठरला का? थांबा! रीडर १ तुम्ही संगणकाच्या पुढील छिद्रात दोन मीटरची जोडकेबल लावून जोडला होता आणि रीडर २ मागील छिद्रात थेट घातला होता, असे असेल तर? तुम्ही रीडर बदलताना केबल आणि छिद्रही बदलले. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर गुण कोणाला आणि दोष कोणाला द्यायचा? म्हणून रीडर १ मागील छिद्रात थेट लावून आणखी २० फेऱ्या करा. त्यात तो एकदाही अडला नाही, तर त्याला फेकून देणे हा अन्याय झाला असता.

केबलचा एवढा परिणाम कसा होतो? यूएसबी २.० मधून एका सेकंदात ४८ कोटी अंक जातात, म्हणजे एका अंकाला सुमारे २ नॅनोसेकंद मिळतात. तारेतील संदेश एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर जातो. म्हणजे एक अंक तारेवर सुमारे ४० सेंटिमीटर जागा व्यापतो आणि दोन मीटरच्या केबलीत एका वेळी पाच अंक एकामागून एक धावत असतात! प्रत्येक सांध्यावर संदेशाचा काही भाग प्रतिध्वनीसारखा मागे फिरतो. सांधा ढिला असेल तर हा प्रतिध्वनी मोठा होतो आणि मागून येणाऱ्या अंकात मिसळतो. म्हणून केबल आखूड आणि सांधे कमी असावेत.

किती वेळा तपासायचे?

वीस फेऱ्या का, दोनतीन का पुरत नाहीत, असे तुम्ही विचाराल. रीडर पाचांपैकी एकदा अडतो असे धरू. म्हणजे एका फेरीत तो नीट चालण्याची संभाव्यता ०.८ झाली. दोष तसाच असूनही तो लागोपाठ ३ वेळा चालण्याची संभाव्यता ०.८ × ०.८ × ०.८ = ०.५१२, म्हणजे निम्म्याहून अधिक! ५ वेळांसाठी ती ०.३३, १० वेळांसाठी ०.११, १४ वेळांसाठी ०.०४ आणि २० वेळांसाठी ०.०१ येते. तेव्हा तीनदा चालला म्हणून 'दुरुस्त झाला' म्हणणे हे नाणे उडवून निर्णय घेण्यासारखेच आहे. लागोपाठ वीस वेळा चालला तर मात्र योगायोगाची शक्यता शंभरात एक इतकीच उरते.

या हिशेबात प्रत्येक फेरी स्वतंत्र आहे असे आपण धरले आहे. म्हणून दर फेरीत कार्ड काढून घालणे, आणि सर्व फेऱ्या एकाच बैठकीत न करता थोड्या आज, थोड्या उद्या करणे चांगले. बिघाड उष्णतेमुळे होत असेल तर थंड रीडरवर केलेली तपासणी फसवी ठरेल. शिवाय दुरुस्तीपूर्वीच्या फेऱ्याही मोजून वहीत लिहा. आधी किती वेळा अडत होता हेच ठाऊक नसेल, तर नंतर फरक पडला की नाही हे कशावरून ठरवणार?

वहीत प्रत्येक फेरीची तारीख, वेळ, कार्ड, रीडर, केबल, छिद्र आणि निकाल अशी सात खणांची नोंद ठेवा. डॉक्टर तापाचा तक्ता ठेवतात तो याच कारणासाठी. हीच रीत शाळेच्या प्रयोगशाळेतील कधी कधी चुकणाऱ्या ॲमीटरला, घरातील लुकलुकणाऱ्या नळीदिव्याला आणि सायकलच्या दिव्यालाही लागू पडते. फक्त घरातील विजेच्या जोडणीला मोठ्यांवाचून हात लावू नका.

तुम्ही सोडवा

१. एक रीडर दहांपैकी एकदा अडतो. दोष कायम असूनही तो लागोपाठ नीट चालण्याची संभाव्यता ०.०५ पेक्षा कमी होण्यासाठी किती फेऱ्या लागतील?

२. स्पर्शांचा एकूण रोध ४ ओहम आहे. रीडर ३.३ व्होल्ट देतो. कार्डाने १०० मिलिअँपिअर व २०० मिलिअँपिअर प्रवाह घेतला तर त्याला किती व्होल्ट मिळतील? ते कोणत्या वेळी चालेल?

३. एक मायक्रो एसडी कार्ड फोनमध्ये कधीच अडत नाही. ॲडाप्टरमध्ये बसवून संगणकाच्या रीडरमध्ये घातले तर अधूनमधून अडते. सर्वांत आधी कोणता एकच बदल कराल आणि का?

उत्तरे : (१) २९ फेऱ्या. (२) २.९ व्होल्ट आणि २.५ व्होल्ट, पहिल्या वेळी चालेल, दुसऱ्या वेळी नाही. (३) दुसरे ॲडाप्टर वापरून पाहावे. ॲडाप्टरमुळे वाटेत स्पर्शांचा एक जादा संच येतो, आणि ते बदलणे सोपे व स्वस्तही आहे. त्याने फरक पडला नाही, तर ॲडाप्टर तेच ठेवून पुढच्या संशयिताकडे वळावे.